आरती मराठीत, भांडण कोंकणीत, बाकी सगळं इंग्रजीत

गोव्यात भाषेचं भांडण कधी जुनं होत नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचा १९६७चा जनमत कौल, कोंकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा, २०११पासून इंग्रजी माध्यमाच्या अनुदानावरून पेटलेलं रण, आणि अधूनमधून उकरून काढलेला कोंकणी देवनागरीत लिहायची की रोमी म्हणजे रोमन लिपीत, हा वाद. वक्ते बदलतात, भाषणं तीच राहतात. या सगळ्या भाषणांत एक गोष्ट धरून चाललेली असते, की भाषेचा वैरी म्हणजे दुसरी भाषा. मराठीवाल्याला कोंकणी खुपते, कोंकणीवाल्याला मराठी, देवनागरीवाल्याला रोमी, आणि सगळ्यांना मिळून इंग्रजी. ज्याच्या एकाच वाक्यात या तिन्ही भाषा येतात तो तर सगळ्यांच्याच लेखी बाटलेला.

गोव्याबाहेर गेलेल्या माणसांकडे पाहिलं तर हे गणित चुकीचं दिसतं. भेसळ झाली म्हणून कुणाची भाषा गेली, असं फारसं घडलेलं नाही. घरात तिला काही काम उरलं नाही तेव्हा ती गेली. ते कामही कुणी परक्याने हिसकावून नेलेलं नाही. आपणच तिला कामावरून काढलं.

काम म्हणजे काय ते आधी सांगतो. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या बाजूच्या हिंदू घरांत एका भाषेने दिवस कधीच निघालेला नाही. बोलणं कोंकणीत, आरती-भजन-कीर्तन मराठीत, सकाळचं वर्तमानपत्र मराठीत, लग्नाची पत्रिका मराठीत, जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, बँक आणि कोर्ट इंग्रजीत. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मातृभाषा विचारली तर ‘मराठी’ असं ठणकावून सांगायचे, आणि सांगायचे कोंकणीत. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे, आणि खरं तर नव्हतंच. २०११च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के निघाले. या दोन आकड्यांवरून आपण एकमेकांच्या अंगावर धावून जातो. पण जनगणना मातृभाषा एकच विचारते आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहून घेते. कुठली भाषा कशासाठी, हे ती विचारत नाही. आमच्या घरांचं सगळं गुपित नेमकं त्या ‘कशासाठी’त आहे.

आता हेच घर पांगलं की काय होतं ते बघू. एक मुलगा कुवेतला, एक पुतणी पुण्याला, एक भाचा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला, आणि आजी डिचोलीला. सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. चवथीच्या दिवशी त्या ग्रुपवर जे चालतं ते एखाद्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने तास घ्यावा असं असतं. काका माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळं-पानांच्या मंडपीचा, फोटो टाकतात, खाली शुद्ध देवनागरीत ‘गणपती बाप्पा मोरया! सर्वांना गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा’, कारण काकांची चौथी मराठी शाळेत झाली आणि लिहायचं म्हटलं की हात आपोआप मराठीकडे जातो. पुतणी इंग्रजीत लिहिते. कुवेतचा मुलगा रोमन अक्षरांत कोंकणी लिहितो, कारण तिथे त्याच्या खोलीवर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, रोमीत लिहिणारे, दोघे आहेत आणि त्यांच्याशी लिहून लिहून त्याला तीच सवय लागली. देवनागरीत कोंकणी लिहायचा त्याने एकदा प्रयत्न केला होता, पण फोनचा मराठी कीबोर्ड ‘आसा’ (आहे) लिहिलं की ‘असा’ सुचवतो आणि ‘कितें’ (काय) लिहिलं की ‘किती’. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा शंभर वर्षांचा वाद त्या कीबोर्डाने आपल्यापुरता परस्पर मिटवून टाकलेला आहे.

आजी लिहीत नाही. ती बोलून पाठवते. स्विंडनच्या पोराचा व्हॉइस मेसेज येतो, ‘आजी, माटोळी सुपर जाल्या, हांव सगळें मिस करतां’, आणि तिचा परत जातो, ‘पुता, आंबाडे म्हारग जाल्यात, तरी हाडल्यात.’ म्हणजे आंबाडे महागलेत, तरी आणलेत.

पोराच्या वाक्यात दोन इंग्रजी शब्द आहेत. शुद्धतावाद्याला तेवढेच दिसतील. पण ‘जाल्या’ हे माटोळीच्या स्त्रीलिंगाप्रमाणे चाललेलं आहे, ‘करतां’ हे ‘हांव’ म्हणजे ‘मी’प्रमाणे. वाक्याचा सांगाडा अख्खा कोंकणी आहे. आजीला तो मेसेज कुणी समजावून सांगावा लागला नाही. आणि त्या मेसेजला लिपी नाही, हेही बघा. ज्या लिपीवरून आपण इतकी वर्षं मोर्चे काढले तो प्रश्न या दोघांपुरता उरलेलाच नाही. भाषेच्या कैवाऱ्यांनी या आवाजी निरोपांचं मोल अजून ओळखलेलं नाही असं मला वाटतं. लिहिता न येणारी पण बोलता येणारी पिढी पहिल्यांदाच समुद्रापलीकडून रोज बोलू शकते आहे. पूर्वी पत्र लिहायला कुणाला तरी शोधावं लागे, आणि लिहिणारा आपल्या शाळेची भाषा त्या पत्रात घुसवी.

मिसळ टिकते याचे पुरावे आजकालचे नाहीत. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं कोचीला पोचली. मट्टांचेरीतल्या चेर्लाईत आजही कोंकणी बोलतात. ती मलयाळमने भरलेली आहे, गोव्यातल्या माणसाला पहिल्या झटक्यात कळणार नाही, पण ती आहे. डच गव्हर्नर व्हान र्‍हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या तीन वैद्यांनी आपण दिलेल्या माहितीचं प्रमाणपत्र १६७५ साली कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिलं. म्हणजे कोंकणीच्या नागरी लिखाणाचा एक ठळक पुरावा गोव्यात नव्हे, परमुलखात तयार झाला. तिकडे तंजावरला सतराव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांची मराठी तमिळात इतकी मुरली की पुण्याचा माणूस ती ऐकून हसतो. राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं, राजाश्रय गेला, तरी त्या घरांत ती मराठी चालू राहिली. दोन्हीकडे कुठलाही राजभाषा कायदा नव्हता. देवळं होती, आपापसांत लग्नं होती, आणि घरात त्या भाषेत बोलल्याशिवाय भागत नव्हतं.

मॉरिशसचं उदाहरण याच्या शेजारी ठेवावं. तिथल्या मराठी लोकांचं मला फार कौतुक आहे. मजूर म्हणून गेलेल्या माणसांच्या वंशजांनी गणेशोत्सव ठेवला, झाकडी नाच ठेवला, शाळेत मराठी विषय मिळवला. शिकवली जाते ती प्रमाण मराठी, जवळजवळ सोवळ्यातली. पण घराघरांत बोललं जातं ते क्रिओल. मी याला अपयश म्हणणार नाही, अस्मिता टिकवणं ही काही लहान गोष्ट नाही. पण तंजावरची भेसळयुक्त मराठी स्वयंपाकघरात आहे आणि मॉरिशसची शुद्ध मराठी पाठ्यपुस्तकात, एवढा फरक आपण डोळ्यांआड करू नये.

आपल्या अगदी जवळचा पुरावा मुंबईचा. आज ज्याला आपण ‘गोव्याचं’ साहित्य आणि ‘गोव्याची’ रंगभूमी म्हणतो, त्यातला मोठा वाटा मुंबईत राहिलेल्या गोंयकारांचा, म्हणजे गोवेकरांचा, आहे. पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी लोकनाट्याचा खेळ, १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. ‘उदेंतेचें साळक’ हे पहिलं कोंकणी नियतकालिक १८८९ साली निघालं ते पुण्यातून. कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून उभं करणारे शणै गोंयबाब जन्मले डिचोलीत, पण काम केलं मुंबईत. मराठी नाट्यरसिकांनी ‘नटसम्राट’ पाहिलं ते १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या निर्मितीत. धोबी तलावच्या कुडी आठवा. गावागावांच्या नावाने चाललेल्या त्या खोल्यांत बोटीवर जाणारे तारवटी म्हणजे खलाशी ट्रंका ठेवायचे, संध्याकाळी एकत्र तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायचे, गावच्या पातरोनाचं, म्हणजे रक्षक संताचं, फेस्त करायचे. त्या तियात्रांच्या कोंकणीत पोर्तुगीज होतं, इंग्रजी होतं, मुंबईची हिंदुस्थानी होती. भद्र लोक नाक मुरडायचे. पण तियात्र आजही चालतो, तिकिटं काढून चालतो, आणि कुवेत-लंडनचे दौरे करतो.

गोव्याच्या स्थलांतराचा इतिहास वाचताना मला नेहमी एक गोष्ट टोचते. बोटीवरच्या कुकाने आणि कुडीतल्या खलाशाने जी भाषा सांभाळली, ती लिस्बनला गेलेल्या डॉक्टर-वकिलांच्या घरांत आणि पूर्व आफ्रिकेतल्या गोंयकार साहेबांच्या घरांत लवकर विझली. त्यांच्याकडे वेळ होता, पुस्तकं होती, क्लब होते. मुलांनी चारचौघांत शोभावं ही हौसही होती, आणि या हौसेपुढे भाषेचं काही चालत नाही. खलाशाला असली हौस परवडत नव्हती. ज्यांनी भाषेवर व्याख्यानं दिली त्यांनी ती सोडली आणि ज्यांना भाषा म्हणजे काय ते कधी कुणी सांगितलं नाही त्यांनी ती ठेवली, हे आपल्याला, म्हणजे व्याख्यानं देणाऱ्यांना, जड जातं.

आजच्या स्थलांतरातही तोच भेद दिसतो, फक्त कारण वेगळं. आखातात गेलेल्या गोंयकाराला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. कितीही वर्षं राहिला तरी एक दिवस परत यायचं आहे, घर बांधायचं तर ते गावातच, हे तो जाणून असतो. म्हणून त्याच्या भाषेला पुढचं काम आहे. इंग्लंडात गेलेल्याचं तसं नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्याच्या नातवापर्यंत पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी राहिली, त्या वाटेने हजारो घरं पोर्तुगाललाही न थांबता स्विंडन, साउथॉल, वेम्बलीला गेली. ब्रेक्झिटनंतर ती वाट अरुंद झाली, पण गेलेले परत आले नाहीत. त्यांची मुलं तिथलीच. त्या मुलांशी आईबाप इंग्रजीत बोलतात, तेही तोडक्यामोडक्या इंग्रजीत, कारण ‘शाळेत मागे पडेल’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. हा सल्ला चुकीचा आहे. घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, याने मूल मागे पडत नाही. पडत असतं तर गोव्यातली एकही पिढी पुढे आली नसती. आईला जी भाषा पुरती येत नाही त्या भाषेत तिने मुलाला वाढवायचं, यात मुलाचं तर नुकसान आहेच, पण त्या बाईचंही आहे. रागवणं, थट्टा, गाऱ्हाणं, सगळं तिने परक्या शब्दांत आणि अर्धंच करायचं.

आणि हे स्विंडनलाच चालतं असं समजायचं कारण नाही. पणजीला लागून असलेल्या ताळगावच्या इमारतींतून फिरा, लिफ्टमध्ये आई मुलाशी कुठल्या भाषेत बोलते ते ऐका. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की तीन वर्षांच्या आत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. तीनशे वर्षांत ते जमलं नाही. जे हुकुमाने झालं नाही ते आईबापांनी प्रेमापोटी, एका पिढीत करून दाखवलं. माटोळीला कवंडळ कुठलं, घागऱ्यो कुठल्या, कांगलां कुठली, हे स्विंडनच्या पोराला सांगता येत नाही म्हणून आपण हळहळतो. ताळगावच्या पोरालाही ते येत नाही. आरती मात्र दोघांची तोंडपाठ आहे, ‘लंबोदर पीतांबर’ न अडखळता. आरतीला वर्षातून एकदा का होईना काम असतं, म्हणून.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोचीला मलयाळम, तंजावरला तमिळ, या शेजारच्या भाषा होत्या. इंग्रजी तशी नाही. ती एक कोपरा मागून घेत नाही, सगळं घरच घेते. आज ‘मिस करतां’, उद्या क्रियापदही जाईल, परवा नुसतं ‘आजी’ उरेल. मला हे मान्य आहे. असं घडताना मी पाहतो आहे. पण उपाय कुठला? त्या पोराचा मेसेज ऐकून मामा ग्रुपवर लिहितो, ‘अरे, नीट कोंकणी तरी बोल नाहीतर इंग्रजीच बोल.’ पोरगा दुसरा पर्याय निवडतो. कुठलाही शहाणा माणूस तोच निवडील. टोमण्याच्या भीतीने कुणी शुद्ध बोलायला लागल्याचं मी ऐकलेलं नाही, गप्प झाल्याचं मात्र पुष्कळ ऐकलं आहे. जिथे इंग्रजी सगळं घर घ्यायला निघाली आहे, तिथे अर्धवट, वाकडं, उसन्या शब्दांचं बोलणं हाच आपल्या हातात राहिलेला कोपरा आहे.

लिपीबद्दलही तेच. रोमन अक्षरांत मराठी-कोंकणी लिहिणाऱ्या पोराला तुकारामाची गाथा वाचता येणार नाही, हे खरं. त्याने पुढे देवनागरी शिकावी असं मलाही वाटतं. पण क्रम उलटा लावून चालणार नाही. आधी बोलावंसं वाटलं पाहिजे, मग वाचावंसं वाटेल. फादर स्टीफन्सने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते मराठीत आणि रोमन अक्षरांत. त्या अक्षरांमुळे ती मराठी कमअस्सल ठरली नाही. आपण तिचे गोडवे शाळेत पाठ करून घेतो.

आतापर्यंत गेलेल्यांबद्दल बोललो. आलेल्यांबद्दल बोललं नाही तर हा लेख खोटा ठरेल, कारण गोवा आता जितका पाठवतो तितकाच बोलावून घेतो. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांतून आमच्या दोन पिढ्या शिकल्या. आज वास्को, मडगाव, म्हापसा, फोंडा यांच्या आसपासच्या त्याच सरकारी शाळांत जाऊन बघा. पटावरची कितीतरी नावं विजापूर-बागलकोटकडून आलेल्या मजुरांच्या मुलांची आहेत. घरी कन्नड किंवा लमाणी, शाळेत मराठी, गल्लीत कोंकणी, टीव्हीवर हिंदी. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांची नातवंडं केव्हाच इंग्रजी शाळेत गेली. बाकं रिकामी पडली असती, शाळा बंद झाली असती. ती उघडी आहे ती या मुलांमुळे.

एका सरकारी दवाखान्यात तिसरीतली अशी एक मुलगी मी पाहिली. आईला बरं नव्हतं. आई कन्नडमध्ये सांगत होती, मुलगी नर्सला कोंकणीत सांगत होती, नर्सने चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलेलं ‘जेवणानंतर’ वाचून पुन्हा आईला कन्नडमध्ये समजावत होती. गोळ्या मोजून हातात घेताना तिने आकडे मात्र हिंदीत मोजले. कुणी तिचं कौतुक केलं नाही, तिलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. आमचे आजोबा जे घरात करायचे तेच ही पोर करत होती, काम पडेल तशी भाषा. फरक एवढाच की आजोबांना आम्ही बहुभाषिक म्हणतो आणि तिला ‘घाटी’.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गोव्यातही पेढे वाटले गेले. आनंदच आहे. पण मराठी आणि कोंकणीच्या नावाने इथे जो पैसा आणि जे मनुष्यबळ खर्च होतं, त्यातलं थोडं या दोन टोकांच्या मुलांकडे वळवायला काय हरकत आहे? कथाकथनाच्या स्पर्धेत परदेशातल्या नातवंडाने आवाजात पाठवलेली, निम्मी इंग्रजी असलेली गोष्ट चालू द्या. परीक्षकाने उच्चाराचे गुण कापण्याऐवजी गोष्टीला गुण द्यावेत. सुट्टीत गावी आलेल्या मुलांना सभागृहात बसवून संस्कृतीवर व्याख्यान ऐकवण्यापेक्षा आठवडाभर भजनी मंडळात, माटोळीच्या बाजारात, मासळीच्या टोपलीसमोर सोडा. भाव करताना जी भाषा येते ती वर्गात येत नाही. आणि त्या कन्नड मुलांच्या शाळेत पहिली-दुसरीला कन्नड समजणारी एक बाई नेमा. मूल आपल्या भाषेचा हात धरून मराठीत येतं तेव्हा ते तिथे राहतं.

यातल्या काही गोष्टींना वेळ लागेल, काहींना पैसे. पण शाळेच्या प्रवेशअर्जावर मातृभाषेपुढे जागा एकच असते, आणि तिथे ती मुलगी काय लिहिते ते बहुधा मास्तरच ठरवतात. तिथे दुसरी ओळ छापायला विधानसभेत ठराव आणावा लागत नाही.